ठाणे-कल्याणच्या खेड्यांतली जमीन : हक्क, नोंद आणि जगणे

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही आज मुंबईला जोडलेली मोठी शहरे आहेत. मात्र ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग अजूनही खेड्यांचा आहे. खाडीकाठची आगरी-कोळी गावे, उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यांतली कुणबी गावे, आणि मुरबाड-शहापूरच्या डोंगरपायथ्याचे ठाकर, कातकरी, वारली व महादेव कोळी यांचे पाडे मिळून हा मुलूख बनतो. गेल्या दोनशे वर्षांत इथल्या जमिनीला भाव आला तो बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने. कधी सरकारी सारा, कधी आगगाडी, कधी लष्कर, कधी कारखाना, तर कधी महामार्ग हे ते कारण होते. त्या भावाचा लाभ कोणाला झाला, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरले : जमीन कसणाऱ्याचा हक्क सरकारी दप्तरात लिहिलेला होता की नाही.

जमिनीचे प्रकार आणि तिच्यावरचे जगणे

इथली जमीन एकसारखी नाही. खाडीला लागून खाजण असते. भरतीचे पाणी अडवण्यासाठी बांध घालून त्यातून भाताची खारजमीन काढली जाई. ही कामे एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. बाहेरचा बांध फुटला की सगळ्या शिवाराचे पीक जाई, म्हणून बांधाची डागडुजी सामाईक असे. अशा जमिनींवर शिलोत्री नावाची खास धारापद्धती रूढ झाली होती आणि बांध राखणाऱ्यांना सवलतीचा हक्क मिळे. याच किनाऱ्यावर मिठागरे होती आणि आगरी कुटुंबे भातशेती, मीठ व मासेमारी या तिन्हींवर जगत.

आत गेल्यावर सखल भागात भातखाचरे लागतात. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतला जातो. त्याच्या वरच्या उतारांवर वरकस जमीन असते. तिच्यावर नाचणी आणि वरी पिकते व मधली काही वर्षे ती पडीक ठेवावी लागते. वरकस जमिनीचा दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा होता. भाताची रोपे तयार करण्याआधी वाफ्यावर शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा आणि गवत पसरून ते जाळायचे, या पद्धतीला राब म्हणतात. राबाशिवाय रोप जोमदार येत नाही असा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यामुळे खाली एक खाचर कसायचे तर वर राबाला पुरेल एवढे माळरान आणि जंगल हाताशी लागे. सातबाऱ्यावर खाचर दिसते, पण त्याला पोसणारे रान तिथे दिसत नाही. पुढच्या अनेक तंट्यांचे मूळ याच फरकात आहे.

पेशवाई आणि कंपनी सरकार

साष्टी बेट सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होते. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई जिंकली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. कल्याण-भिवंडीचा मुलूख मात्र 1817 च्या पुणे करारापर्यंत पेशव्यांच्या ताब्यात होता. त्यामुळे ठाणे आणि कल्याण या शेजारच्या गावांचा महसुली इतिहास वेगवेगळा घडला.

कल्याणच्या बाजूला देशमुख-देशपांड्यांची वंशपरंपरागत इजाफत गावे होती. धारा कधी बिघ्यावर, कधी न मोजलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ठोक रकमेने म्हणजे हुंडाबंदीने, तर डोंगरी भागात नांगरामागे म्हणजे नांगरबंदीने आकारला जाई. पांढरपेशांना सवलतीचा दर आणि कुळवाड्याला जास्त दर, असाही भेद असे. साष्टीत इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही मातब्बर व्यक्तींना गावेच्या गावे खोतीने दिली. या गावांतला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत असला, तरी कागदावर मालक दुसराच होता.

शतकाच्या मध्यानंतर जिल्ह्याची रयतवारी मोजणी झाली. शेताला क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड बसले आणि सारा कोणी भरायचा त्याचे नाव लिहिले गेले. या मोजणीने लहान शेतकऱ्याला सरकारशी थेट नाते मिळाले, हे तिचे मोठे देणे आहे. पण ज्याच्या नावे सारा लागला तो मालक ठरला, आणि जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली. डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींना लिहिणे-वाचणे येत नव्हते आणि रोख पैशाची सवय नव्हती. सावकार, गवत-लाकडाचे व्यापारी आणि दारूचे मक्तेदार यांच्या कर्जात त्यांच्या जमिनी एकेक करून गेल्या. जमीन गेली तरी कसणारा हलला नाही. कालचा धनी त्याच खाचरात अर्धलीने किंवा खंडाने कूळ म्हणून राबू लागला.

हे हस्तांतर सरकारच्याही लक्षात आले होते. 1901 मध्ये मुंबई जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, नव्या शर्तीची जमीन देण्याची तरतूद झाली. 1903 मध्ये हक्कनोंदीचा कायदा आला. आजचा सातबारा आणि फेरफार यांची परंपरा तिथपासून सुरू होते.

जंगल आणि राब

1878 च्या वनकायद्याने जंगले राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत विभागली गेली. ठाणे जिल्ह्यात याचा फटका फार मोठा होता. राबासाठी टहाळ तोडणे, गुरे चारणे, सरपण आणणे, घरासाठी वासे काढणे या गोष्टी आधी वहिवाटीने चालत, त्या आता गुन्हा ठरू लागल्या. असंतोष इतका वाढला की 1885 मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या वनप्रश्नांसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राबाची गरज त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होती. थोड्या सवलती मिळाल्या, पण जंगल सरकारचे आणि गावाला मिळेल ती मेहेरबानी, हे सूत्र बदलले नाही.

असेच सूत्र त्या काळी डच सत्तेखालच्या इंडोनेशियातही होते. तिथे 1870 च्या शेतजमीन कायद्याबरोबर असे जाहीर झाले की ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. गावाच्या रूढीने चालत आलेली सामाईक वहिवाट या व्याख्येत बसली नाही. स्वातंत्र्यानंतर 1960 च्या मूलभूत शेतजमीन कायद्याने रूढ हक्कांना मान्यता दिली, पण राष्ट्रहिताच्या मर्यादेत. पूर्ण मालकी तिथे फक्त देशाच्या नागरिकालाच मिळते. दोन वेगळ्या साम्राज्यांखाली, हजारो मैलांच्या अंतरावर, दुर्गम गावांपुढे एकच अडचण उभी राहिली : वापर जुना, पण लेखी पुरावा नाही.

आगगाडीचा परिणाम

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रूळ कल्याणला पोहोचले. 1860 च्या दशकात बोरघाट आणि थळघाट पार झाले आणि कल्याण हे मोठे जंक्शन बनले. सातवाहन काळापासून जुन्नरहून नाणेघाटाने कल्याण बंदराकडे येणारी वाहतूक मुरबाडवरून जात असे. आगगाडीने माल दुसऱ्या घाटांकडे वळवला आणि मुरबाड आडबाजूला पडले. तालुक्याचे हे गाव अजूनही रेल्वेच्या नकाशावर नाही. एकाच जिल्ह्यात एका गावाची जमीन वधारली आणि दुसऱ्याची जागच्या जागी राहिली, त्याचे हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

रुळांच्या जवळच्या गावांना मुंबईची बाजारपेठ मिळाली. गवत, पेंढा, सरपण, कोळसा, दूध आणि भाजी गाडीने जाऊ लागली. मुंबईतले तबेले ठाणे जिल्ह्यातल्या गवतावर चालत, म्हणून वरकस जमिनीवर नाचणीऐवजी गवत राखणे मालकाला परवडू लागले. गवत कापणीची मजुरी आदिवासींच्या वाट्याला आली आणि वरकसावरचे त्यांचे धान्य कमी झाले. पुढे विजेवरच्या गाड्या कल्याणपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईत नोकरी करून डोंबिवलीत राहणे शक्य झाले. स्वातंत्र्यानंतर डोंबिवली हे मराठी चाकरमान्यांचे हक्काचे गाव बनले. भातखाचरांत चाळी उभ्या राहिल्या आणि गुंठ्याचा भाव पिकावर न ठरता स्थानकापासूनच्या अंतरावर ठरू लागला.

वेठ, उठाव आणि कूळकायदा

डोंगरपट्ट्यातली स्थिती स्वातंत्र्याआधीच्या काळात भयंकर होती. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1939 मध्ये मुंबई प्रांतातल्या आदिवासींविषयी दिलेल्या अहवालात जमीनदार व सावकार यांच्याकडून होणारी पिळवणूक आणि वेठबिगार नोंदवली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही धन्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत आणि ते देणे सहसा फिटत नसे. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घेतलेली खावटीही भातकापणीच्या वेळी दुपटी-तिपटीने वसूल होई.

जानेवारी 1945 मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला महाराष्ट्र राज्य किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे वारली प्रतिनिधी आले होते. त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव आणि डहाणू भागात वेठीविरुद्धचा लढा पेटला. 23 मे 1945 रोजी झरी गावी झालेल्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लढ्यातून मजुरीचे दर वाढले आणि वेठ मोडली. जमिनीचा प्रश्न मात्र कायद्याची वाट पाहत राहिला.

खोतीविरुद्धची लढाई कोकणात आधीच सुरू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. स्वातंत्र्यानंतर 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि साष्टीतल्या जुन्या इस्टेटींसाठी 1951 चा वेगळा कायदा झाला. सर्वांत खोल परिणाम केला तो 1948 च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने. 1956 च्या दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम 32 ग खाली किंमत ठरवायची, ती साधारणपणे आकाराच्या म्हणजे साऱ्याच्या आकारणीच्या 20 ते 200 पटींमध्ये असायची आणि पैसे भरल्यावर कलम 32 म चे विक्री प्रमाणपत्र मिळायचे, असा क्रम होता.

या कायद्याने ठाणे जिल्ह्यातल्या असंख्य कुणबी, आगरी आणि आदिवासी कुटुंबांना जमीन दिली. आज त्या कुटुंबांकडे जे काही आहे, त्याचा पाया 1957 मध्ये घातला गेला. पण लाभ मिळण्यासाठी कुळाचे नाव पीकपाहणीत असावे लागे. खंड तोंडी ठरलेला, पावती नाही, नोंद नाही, अशा कुळांना हक्क सिद्ध करता आला नाही. अनेकांकडून कायदा लागू होण्याआधीच जमीन ‘स्वखुशीने’ सोडल्याचे लिहून घेतले गेले. कलम 43 प्रमाणे कुळाने मिळवलेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे, आणि कलम 63 ने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई केली. शहराच्या पैशापासून लहान शेतकऱ्याचे रक्षण करणारी ही दोन कलमे होती.

आदिवासींसाठी पुढे आणखी संरक्षण आले. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. 1974 च्या कायद्याने आधी गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली. जंगलातले एकसाली प्लॉट कसणाऱ्यांचा प्रश्न मात्र लांबला. वर्षाच्या बोलीने दिलेली जमीन कुटुंबे दशकानुदशके कसत होती आणि तरीही अतिक्रमणदार ठरत होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावे करता आले, वैयक्तिक आणि सामूहिकही. राबाच्या आणि चराईच्या वहिवाटीला कायद्याच्या भाषेत जागा मिळायला 1878 पासून सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

लष्कर, कारखाने आणि नवी शहरे

दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पूर्वेला लष्करी छावणी आणि नेवाळी येथे धावपट्टी झाली. त्यासाठी गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी तिथे कष्टाने मोठे व्यापारी शहर उभे केले. नेवाळीची जमीन युद्धकाळापुरती घेतली होती, ती परत मिळावी, ही भूमिपुत्रांची मागणी मात्र राहून गेली. जून 2017 मध्ये त्यावरून मोठे आंदोलन झाले.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्यातली वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्यानंतर डोंबिवलीत वसाहत आली. कारखान्यांनी रोजगार दिला, पण रसायनांचे सांडपाणी आणि हवा यांचा त्रास आजूबाजूच्या गावांना झाला. 1970 मध्ये सिडको स्थापन होऊन ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमीन देणाऱ्याला वाढीव किमतीत वाटा मिळावा, हे तत्त्व या आगरी-कोळी गावांनी देशापुढे ठेवले. कुटुंबे वाढली तरी गावठाण वाढले नाही, म्हणून बांधलेल्या ‘गरजेपोटी’ घरांचा प्रश्न मात्र तिथे पुढेही चालू राहिला.

1982 मध्ये ठाणे आणि 1983 मध्ये कल्याण महानगरपालिका झाली. कल्याणभोवतीची 27 गावे पालिकेत आली, ग्रामस्थांच्या विरोधानंतर 2002 मध्ये बाहेर पडली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 मध्ये त्यांतली 18 गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. करवाढ आणि आरक्षणाची भीती एकीकडे, पाणी आणि रस्त्यांची गरज दुसरीकडे, अशा कात्रीत ही गावे राहिली. नियोजन कोणाचे हेच ठरत नसल्याने इथे बेकायदा इमारतीही वाढल्या आणि निळजे-काटईच्या परिसरात प्रचंड गृहसंकुलेही उभी राहिली.

मुरबाड आणि शहापूर : दूरची गावे

शहराला पाणी लागते आणि ते दूरच्या गावांतून येते. मुंबईसाठी तानसा धरण 1892 मध्ये झाले, पुढे भातसा आले. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाडमधल्या बारवी धरणाचा पहिला टप्पा 1972 मध्ये पूर्ण झाला आणि त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना व कल्याण परिसराच्या शहरांना मिळते. धरणांनी खाचरे आणि पाडे बुडवले, आणि तरीही शहापूरच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 1976 मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पण पुनर्वसनाचे दावे मिटण्यास पिढ्या गेल्या. 2019 मध्ये बारवीत वाढीव उंचीपर्यंत पाणी साठवताना विस्थापित कुटुंबांना पाणी घेणाऱ्या संस्थांमध्ये नोकऱ्या देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. हा या प्रदेशातल्या पुनर्वसनाचा महत्त्वाचा धडा आहे.

या गावांतले वर्ष अजून शेतीच्या आणि स्थलांतराच्या लयीत चालते. पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि त्यानंतर कामाच्या शोधात बाहेर पडणे. कातकरी कुटुंबे आगाऊ रक्कम घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या अनेक वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर आहेत, म्हणून मालकाने जमीन विकायला काढली की घराचाच प्रश्न उभा राहतो. पौषात म्हसा गावी भरणारी यात्रा आणि तिथला गुरांचा बाजार या भागाच्या शेतीजीवनाचा जुना आधार आहे. बैलजोडी ही इथे जमिनीखालोखालची मालमत्ता होती.

गेल्या तीन दशकांत या तालुक्यांत फार्महाऊस, दुसरे घर आणि गुंतवणुकीचे प्लॉट यांची मागणी वाढली. समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतून आमणे येथे येऊन संपतो. त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. महामार्गाजवळच्या जमिनींचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी काहीही नाते नसलेल्या पातळीवर गेले. ज्या कुटुंबाकडे स्वच्छ सातबारा होता, त्याला या काळात मुलांचे शिक्षण, पक्के घर किंवा धंदा उभा करता आला. नुसती जमीन विकून आलेला पैसा मात्र अनेक घरांत एका पिढीतच सरला.

इथे जमीन घेणाऱ्यापुढे आणि विकणाऱ्यापुढे आज जे प्रश्न येतात, ते सगळे या इतिहासातून आलेले आहेत. जमीन मुक्तपणे विकता येणाऱ्या वर्ग एकची की परवानगी लागणाऱ्या वर्ग दोनची, कुळाची की वतनाची, नव्या शर्तीची की आदिवासीची, खाजगी वन म्हणून 1975 च्या कायद्याखाली सरकारजमा झालेली की मोकळी, हे फेरफार मागे मागे वाचत गेल्यावरच कळते. कूळकायद्यातल्या जमिनींबाबत 2014 पासून, विक्री प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या 40 पट रक्कम भरून हस्तांतर करता येते. तुकडेबंदीतले किमान क्षेत्र 2023 मध्ये जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे झाले. संपूर्ण शहापूर आणि मुरबाड-भिवंडीतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेलाही अधिकार आहे.

नोंदीतल्या उणिवा भरून काढण्याचे काम अजून चालू आहे. गावठाणातल्या घरांना स्वतंत्र मिळकत पत्रिका देण्यासाठी 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क आहे, पण हक्कसोडपत्रावर सही घेऊन त्यांची नावे कमी करण्याची रीत थांबलेली नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी आराखडे करून जंगल राखले, तर राब, चराई आणि रानमेवा यांवरचे जगणे टिकू शकते. दूरच्या गावाचे भवितव्य महामार्गाच्या अंतरापेक्षा याच कामांवर अधिक अवलंबून आहे. कसणाऱ्याचे, राहणाऱ्याचे आणि घरातल्या बाईचे नाव दप्तरात वेळेवर चढले, तरच वाढत्या भावाचा लाभ त्या गावात राहील.